करवंटीचा कोळसा ग्राफाइट का होत नाही?

शिसपेन्सिलीचं टोक बोटावर घासलं तर बोट करडं, चकचकीत होतं आणि चिमटीत बुळबुळीत लागतं. आता करवंटी भाजून केलेल्या कोळशाचा तुकडा घ्या. तो कडक आणि खरखरीत असतो, मोडला तर कटकन मोडतो आणि त्याच्या कडा धारदार निघतात. पेन्सिलीतलं ग्राफाइट, त्यात चिकणमाती मिसळलेली असली तरी, कार्बनचं. नीट भाजलेला करवंटीचा कोळसाही बहुतांशी कार्बनचाच. अणू तेच, मग वागणं इतकं वेगळं का?

ग्राफाइटपुरतं उत्तर शाळेच्या पुस्तकात सापडतं. त्यातले अणू षटकोनांच्या सपाट जाळीत बसलेले असतात, प्रत्येक अणू तीन शेजाऱ्यांना घट्ट धरून. अशा जाळ्यांचे थर एकावर एक रचलेले असतात आणि दोन थरांमध्ये ०.३३५ नॅनोमीटर अंतर असतं. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. थरातले बंध भक्कम, पण एका थराची दुसऱ्यावरची पकड अगदी सैल. म्हणून थर सुटे होऊन कागदावर उतरतात. कोळशापाशी आलं की मात्र पुस्तक ‘अस्फटिकी कार्बन’ असं म्हणून पुढे जातं. कोक, काजळी, लोणारी कोळसा, करवंटीचा कोळसा, सगळे एकाच पोत्यात. त्या पोत्यात किती वेगवेगळ्या रचना आहेत हे कळायला सूक्ष्मदर्शकांना जवळजवळ शंभर वर्षं लागली. हिऱ्याच्या गोष्टीपेक्षा मला ही गोष्ट जास्त मोलाची वाटते, कारण हा कोळसा रोज आपल्या घरात काम करत असतो. पाणी शुद्ध करायच्या फिल्टरमध्ये बहुधा करवंटीचाच कोळसा असतो, वाफेत तापवून सच्छिद्र केलेला. त्याच्या एका ग्रॅममध्ये भोकाभोकांच्या भिंतींचं मिळून साधारण हजार चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा गुंठे पृष्ठभाग असतो.

तीन हजार अंशांनाही न बदलणारा

हे कोडं नेमक्या शब्दांत मांडलं रोझलिंड फ्रँकलिन यांनी. डीएनएच्या क्ष-किरण चित्रामुळे त्यांचं नाव सर्वांना ठाऊक आहे, पण त्याआधीची त्यांची बरीच वर्षं कोळशाच्या अभ्यासात गेली, आधी लंडनमध्ये आणि मग पॅरिसमध्ये. त्यांनी वेगवेगळ्या पदार्थांपासून केलेले कोळसे टप्प्याटप्प्याने ३००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले आणि क्ष-किरणांनी तपासले. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्यांनी कोळशांचे दोन सरळ गट पाडले. एका गटातले कोळसे तापत गेले की त्यांचे थर वाढतात, नीट रचले जातात आणि शेवटी ग्राफाइट होतं. दुसऱ्या गटातले कोळसे ३००० अंशांनाही ग्राफाइट होत नाहीत. साखर जाळून केलेला कोळसा या दुसऱ्या गटातला, आणि करवंटीचाही. पाइपांमुळे ओळखीच्या झालेल्या पीव्हीसी प्लास्टिकचा कोळसा मात्र पहिल्या गटात बसतो.

फ्रँकलिन यांचा निष्कर्ष असा होता की हट्टी कोळशांमध्ये षटकोनी जाळीचे अगदी छोटे तुकडे आडवेतिडवे पडलेले असतात आणि एकमेकांना इतके घट्ट बांधलेले असतात की उष्णतेनेही ते वळून एका रांगेत येऊ शकत नाहीत. पण त्यांना बांधून ठेवणारी ती गोष्ट कोणती, हे क्ष-किरणांतून कळत नव्हतं. क्ष-किरण अब्जावधी अणूंची मिळून सरासरी सांगतात. ग्राफाइटसारख्या शिस्तीच्या रचनेत सरासरी म्हणजेच सत्य. जिथे प्रत्येक कोपरा निराळा, तिथे सरासरीत नेमकं हवं तेच पुसलं जातं. अशा पदार्थात एकेक जागा पाहावी लागते.

साध्या प्रकाशात सुटलेलं अर्धं कोडं

साध्या सूक्ष्मदर्शकाला एक हद्द आहे. प्रकाश लाटेच्या रूपाने येतो आणि लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून जवळ असलेले दोन ठिपके ती वेगळे दाखवू शकत नाही. जर्मनीतल्या येना शहरात एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये हे गणिताने मांडलं. दृश्य प्रकाशाची लाट ४०० ते ७०० नॅनोमीटरची, तेव्हा फार तर २०० नॅनोमीटरपर्यंतचे बारकावे दिसणार. अणू त्याहून हजारपट लहान.

तरीही कोळशाबद्दलची पहिली मोठी उत्तरं याच यंत्राने दिली. दगडी कोळसा एकजिनसी नाही, त्यात चार तऱ्हेचे पट्टे असतात, हे १९१९ मध्ये मेरी स्टोप्स यांनी दाखवलं. संततिनियमनाच्या कामामुळे जगभर गाजलेल्या मेरी स्टोप्स त्या याच; मुळात त्या वनस्पतींच्या जीवाश्मांच्या अभ्यासक. आजही पोलाद कारखान्यात येणाऱ्या कोळशाचा तुकडा घासून आरशासारखा गुळगुळीत करतात, सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्यावरून किती प्रकाश परततो हे मोजतात आणि त्याचा कोक कसा होईल याचा अंदाज बांधतात.

यापुढचा शोध तर फारच सुंदर आहे. ऑस्ट्रेलियात जी. एच. टेलर दगडी कोळशाचा असा एक थर तपासत होते, ज्यात पूर्वी कधीतरी खालून तप्त शिलारस घुसला होता. त्या रसाच्या जवळजवळ जाताना कोळसा क्रमाक्रमाने अधिक भाजलेला. म्हणजे तापण्याचे सगळे टप्पे जमिनीतच ओळीने मांडून ठेवलेले. टेलर यांनी त्यावर ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश टाकला. ग्राफाइटसारखे थर हा प्रकाश थराच्या दिशेने वेगळा आणि थराला आडवा वेगळा परतवतात, त्यामुळे नमुना फिरवला की तो भाग उजळतो आणि मंदावतो. टेलर यांना एका ठरावीक टप्प्यावर नेमके असे उजळ-मंद होणारे बारीक गोल थेंब दिसले. पुढच्या टप्प्यांवर ते मोठे होत, एकमेकांत मिसळत गेलेले होते.

जे. डी. ब्रुक्स यांच्यासोबत त्यांनी १९६५ मध्ये याचा उलगडा मांडला. डांबरासारखे पदार्थ ४००-५०० अंशांना वितळलेले असतात तेव्हा त्यांतले मोठे, चपटे रेणू त्या द्रवातच एकमेकांना समांतर लागतात आणि हे थेंब तयार होतात. पदार्थ घट्ट होतो तो ही शिस्त पोटात घेऊनच. तीन हजार अंशांवरचा निकाल असा चारशे-पाचशे अंशांवरच लागलेला असतो! करवंटीत लिग्निन आणि सेल्युलोज असतं. ते वितळत नाही, घट्ट असतानाच जळतं. रेणूंना हलून रांगेत यायला वावच मिळत नाही. म्हणूनच लोणारी कोळशात लाकडाच्या पेशींची नळ्यानळ्यांची ठेवण जशीच्या तशी उरते, आणि उत्खननात सापडलेल्या कोळशाच्या तुकड्यावरून ते लाकूड कोणत्या झाडाचं होतं हे पुरातत्त्वज्ञ ओळखू शकतात.

थर रांगेत का येत नाहीत हे असं कळलं. ते एकमेकांना बांधलेले कशाने, हा प्रश्न उरलाच.

इलेक्ट्रॉन आणि तीन मिलिमीटरची जाळी

इलेक्ट्रॉनही लाटेसारखे वागतात हे लुई द ब्रॉय यांनी १९२४ मध्ये सुचवलं. त्यांना जितका वेग द्यावा तितकी लाट आखूड होते. दोन लाख व्होल्टनी पळवलेल्या इलेक्ट्रॉनची लाट ०.००२५ नॅनोमीटरची असते, म्हणजे अणूपेक्षा कितीतरी लहान. काचेच्या भिंगाऐवजी चुंबकीय कुंडल्या वापरून एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी १९३१ मध्ये बर्लिनमध्ये पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला. इलेक्ट्रॉनचा झोत नमुन्याच्या आरपार जातो आणि पलीकडे त्याचं चित्र उमटतं. झोत आरपार जायचा तर नमुना फार पातळ हवा. अणूंच्या पातळीवर पाहायचं असेल तर शंभर नॅनोमीटर जाडीही जास्तच होते.

कोळशाचा नमुना तयार करणं मात्र साधं वाटतं. अकीकाच्या छोट्या खलात चिमूटभर कोळसा घोटायचा, अल्कोहोलमध्ये ढवळायचा, आणि त्याचा एक थेंब तीन मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या जाळीवर सोडून वाळवायचा. खरी अडचण इथून सुरू होते. कण अडकून राहावेत म्हणून या जाळीवर एक अतिपातळ पापुद्रा ताणलेला असतो आणि तो पापुद्रा असतो कार्बनचाच, तोही अस्ताव्यस्त रचनेचा. कोळशाचा कण त्यावर सपाट पडला तर चित्रात दिसणारी गुंतागुंत कोळशाची की पापुद्र्याची, हे सांगता येत नाही. म्हणून मुद्दाम भोकं पाडलेला पापुद्रा घेतात आणि भोकाच्या कडेवरून पोकळीत डोकावणारी, धारेसारखी पातळ होत गेलेली कणाची कड शोधत बसतात. त्यात यंत्राच्या निर्वात पेटीत तेलकट वाफेचा लवलेश जरी असला तरी झोत पडतो त्या जागी त्या वाफेतला कार्बन नमुन्यावर साचू लागतो. लोखंड पाहताना हा नुसता त्रास. कार्बन पाहताना तो खोटा साक्षीदार ठरतो.

रेषा दिसतात, जाळी दिसत नाही

अशा कडेवर ग्राफाइटचा कण असेल तर चित्रात समांतर काळ्या रेषा दिसतात, दोन रेषांमध्ये ०.३३५ नॅनोमीटर अंतर ठेवून. ही एक रेषा म्हणजे झोताच्या दिशेने उभा असलेला एक थर. झोताला आडवा पडलेला थर मात्र जवळजवळ दिसतच नाही. शिवाय कणाच्या जाडीत जे काही वर-खाली आहे ते सगळं चित्रात एकाच पातळीवर येतं.

करवंटीसारख्या कोळशाच्या चित्रात सुट्या, वळणावळणाच्या, एकमेकींत शिरलेल्या छोट्या रेषा दिसतात. १९७०च्या दशकात अनेक अभ्यासकांनी त्यांचा अर्थ असा लावला की हे गुंतलेल्या लांब फितींचं जाळं आहे. वेल्समध्ये जेंकिन्स आणि कावामुरा यांनी तसा आराखडाही दिला आणि तो पुष्कळ वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिला. पण फितीला कडा असतात, आणि कडेवरचे अणू मोकळे असल्याने ते ऑक्सिजनशी चटकन जुळतात. हा कोळसा तर रासायनिकदृष्ट्या बराच शांत. रेषांचं चित्र बरोबर होतं, त्यावरून उभी केलेली त्रिमितीय रचना पटत नव्हती.

रेषा कशा वाचाव्यात याचा धडा जपानच्या सुमिओ इजिमा यांनी दिला. विजेच्या ठिणगीत ग्राफाइट जाळताना ऋण दांडीवर साचलेली काजळी ते १९९१ मध्ये त्सुकुबातल्या एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासत होते. त्यात त्यांना सुयांसारखे धागे दिसले. प्रत्येक धाग्यात एका बाजूला काही रेषा, मध्ये रिकामी पट्टी आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा रेषा. दोन्ही बाजूंच्या रेषांची संख्या दर वेळी तंतोतंत सारखी! एकीकडे पाच तर दुसरीकडेही पाच, दोन तर दोन. सपाट पट्ट्यांमध्ये असा योग सारखा जुळणं शक्य नाही. ही नळी होती. तिच्या भिंती दोन्ही कडांना झोताच्या दिशेने उभ्या असतात म्हणून तिथे रेषा उमटतात, मधल्या भागात त्या आडव्या असतात म्हणून दिसत नाहीत. अशा कार्बन नळ्यांची चित्रं रशियन नियतकालिकात १९५२ मध्येच छापून आली होती, तरी जगाचं लक्ष गेलं ते इजिमांच्या निबंधाने. पुढच्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेत थॉमस एबसन आणि केरळचे पुलिक्कल अजयन यांनी या नळ्या मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची पद्धत दिली.

एक फाक कमी केली की

त्या नळ्यांची टोकं बंद होती. षटकोनांची जाळी सपाट असते, तिची गुंडाळी करता येते, पण नुसत्या षटकोनांनी तिचं तोंड मिटवता येत नाही. ते कसं मिटतं हे कळलं की कोळशाचं गुपितही बरंचसं कळतं.

कागदाचं एक वर्तुळ कापा. मध्यापासून कडेपर्यंत एक फाक कापून टाका आणि उरलेल्या दोन कडा जुळवा. कागद सपाट राहणार नाही, त्याचा दाणेवाल्याच्या पुड्यासारखा शंकू होईल. षटकोनी जाळीत हेच घडतं. एका षटकोनाच्या मध्यापासून साठ अंशांची फाक काढली आणि कडा जोडल्या तर जोडावर एकही बंध मोकळा राहत नाही, फक्त मधल्या षटकोनाची एक बाजू जाऊन त्याचा पंचकोन होतो. तेवढ्याने त्याच्याभोवतीची सगळी जाळी वाकते. असे बारा पंचकोन झाले की जाळी पूर्ण मिटते, ना कमी ना जास्त. १९८५ मध्ये क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना सापडलेल्या साठ अणूंच्या गोळ्यात म्हणूनच बारा पंचकोन आणि वीस षटकोन आहेत. नळीच्या एका टोकाला सहा पुरतात.

इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातले पीटर हॅरिस यांनी हे सूत्र कोळशाला लावून पाहिलं. १९९७ मध्ये त्यांनी आणि एस. सी. त्सांग यांनी ग्राफाइट न होणारे कोळसे खूप तापवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यात पोकळ, बंद, कोनाकोनांचे कण दिसले. मिटलेले कण तयार होतात, त्या अर्थी पंचकोन मुळातच कोळशात असले पाहिजेत, असं त्यांनी म्हटलं. या कोळशातले थर फिती नसून पंचकोनांमुळे वाकलेले तुकडे आहेत. वाकलेले तुकडे एकमेकांवर चपखल बसत नाहीत, मध्ये पोकळ्या राहतात, आणि हा बाक सहजी जात नाही, कारण त्यासाठी जाळीतले भक्कम बंध तोडून पुन्हा जोडावे लागतील. फ्रँकलिन यांना दिसलेला हट्ट, फिल्टरमधल्या पोकळ्या आणि कोळशाचा कडकपणा या तिन्हींचा उलगडा एका वाकण्यातून होत होता. पण पंचकोन अजून कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

| चौकट: कोणत्या यंत्राला काय दिसतं |
|---|
| साधा सूक्ष्मदर्शक: २०० नॅनोमीटरपर्यंत. ध्रुवीकृत प्रकाशात थरांची दिशा कळते. तीनशे नॅनोमीटर ऑक्साइड असलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर ठेवला तर ग्रॅफीनचा, म्हणजे ग्राफाइटचा एकच अणू जाडीचा थरही फिकट छटेने दिसतो. ऑक्साइड ३१५ नॅनोमीटर झालं तर तोच दिसेनासा होऊ शकतो. |
| पृष्ठभागावरून झोत फिरवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक: भोकं, पेशींच्या भिंती, तुटलेल्या कडा. |
| आरपार पाहणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक: थरांच्या रेषा, आणि आता एकेक अणू. |
| सुईच्या टोकाने चाचपणारा सूक्ष्मदर्शक (१९८१, झुरिक): पृष्ठभागावरचे अणू. ग्राफाइटच्या षटकोनातले मात्र तो सहसा एकाआड एक असे तीनच अणू दाखवतो, कारण उरलेल्या तिघांच्या बरोबर खाली दुसऱ्या थरातला अणू असतो. |

पाहताना मोडणारा नमुना

अडचणी दोन होत्या. पहिली भिंगाची. चुंबकीय भिंगाच्या कडेवरून जाणारे इलेक्ट्रॉन मधून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या नाभीवर येत नाहीत आणि चित्र धूसर होतं. गोल भिंगांत हा दोष टाळताच येत नाही, असं ओट्टो शेर्त्सर यांनी १९३६ मध्ये सिद्ध केलं होतं. हाराल्ड रोझे यांनी गोल नसलेल्या कुंडल्यांची जोड देऊन तो दोष उलटा भरून काढायची रचना केली, आणि माक्सिमिलियन हायडर आणि क्नुट उर्बान यांच्यासोबत १९९८ मध्ये ती प्रत्यक्षात आणली. साठ वर्षं अडलेलं काम होतं ते.

दुसरी अडचण कार्बनची स्वतःची. त्याचा अणू हलका. वेगवान इलेक्ट्रॉन थेट आदळला तर तो जाळीतून उडून जातो. व्होल्ट साधारण ऐंशी-नव्वद हजारांच्या वर गेले की हे होऊ लागतं. १९९२ मध्ये दानिएल उगार्ते यांनी काजळीच्या कणांवर मुद्दाम तीव्र झोत सोडला, तर ते कण झोताखालीच एकात एक बसलेल्या गोल कवचांमध्ये बदलत गेले. म्हणजे चित्रात दिसणारं वळण मूळचं की झोताने घडवलेलं, हा संशय कायम डोक्यावर. व्होल्ट कमी करावेत तर जुन्या भिंगांतून चित्र आणखी धूसर. नवीन दुरुस्त भिंगांनी हा पेच सोडवला. कमी व्होल्टवरही अणू स्पष्ट दिसू लागले.

२००८ मध्ये हॅरिस यांनी जपानमधल्या झेंग लिऊ आणि काझु सुएनागा यांच्यासोबत अशाच यंत्राखाली बाजारात मिळणारा सच्छिद्र कोळसा ठेवला, २००० अंशांना तापवलेला. या वेळी रेषांच्या जागी कड्या दिसल्या. एकेका थराच्या तुकड्यात षटकोन मोजता येत होते, आणि त्यांच्यामध्ये काही ठिकाणी पाच बाजूंची कडी स्पष्ट होती. एका चित्रातल्या मोजक्या कड्यांवरून सगळ्या कोळशाबद्दल बोलायचं तर जपूनच बोलावं लागतं. तरी अकरा वर्षांपूर्वी ज्याचा नुसता तर्क केला होता ते समोर होतं. कोळशाच्या अभ्यासातला हा सर्वांत भक्कम पुरावा आहे, असं मला वाटतं.

सोडियम नेमका कुठे बसतो?

या वाकलेल्या कोळशाला आता नवं काम मिळालं आहे. लिथियम बॅटरीच्या ऋण टोकाला ग्राफाइट चालतं, कारण लिथियम त्याच्या थरांमध्ये सहज शिरतो. सोडियम स्वस्त आणि मुबलक, पण ग्राफाइटच्या थरांत तो नीट शिरत नाही. न बदलणाऱ्या कोळशात थरांमधलं अंतर ०.३७ नॅनोमीटरच्या पुढे असतं, वर पोकळ्या असतात, आणि तिथे सोडियमला जागा मिळते. त्यामुळे सोडियम बॅटऱ्यांमध्ये हाच कोळसा वापरतात, आणि तो वनस्पतींच्या टाकाऊ भागांपासूनही करता येतो. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं तेही याच वाटेवरचं पाऊल.

सोडियमचे अणू आधी थरांमध्ये शिरतात आणि मग पोकळ्या भरतात, की याच्या उलट, यावर संशोधकांत आजही वाद आहे. सूक्ष्मदर्शकाने तो पटकन मिटेल असं वाटेल, पण सोडियम हवेचा स्पर्श होताच बिघडतो आणि झोताखाली टिकत नाही. म्हणून आता बॅटरीतून काढलेला नमुना हवा न लागू देता द्रवरूप नायट्रोजनच्या थंडाव्यात ठेवून, शक्य तितक्या कमी इलेक्ट्रॉनमध्ये त्याची चित्रं घेतली जात आहेत.